दहा टक्के खेडवळ

माझ्या कोकम सरबताच्या उद्योगातून आजवर बाहेर पडलेला सगळ्यात टिकाऊ माल म्हणजे एक फाईल. निळा पुठ्ठा, पांढरी नाडी, आत 214 पानं. पुठ्ठ्यावर बशीएवढा तांबडा-जांभळा डाग आहे. तो कसा पडला ते ओघानं येईलच.

मी मूळचा मालवणचा, वाढलो डोंबिवलीत. म्हणजे गणपती, मे महिना आणि आंगणेवाडीची जत्रा एवढ्यापुरता मालवणी. सत्तावीस वर्षं एका विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करण्यात गेली. 2022 साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि गावच्या घराची डागडुजी करायला म्हणून आलो तो राहिलोच. डागडुजीचं कारण तौक्ते वादळ. 2021च्या मे महिन्यात त्या वादळानं आमच्या घरावर शेजाऱ्यांचा माड आणि शेजाऱ्यांच्या गोठ्यावर आमचा माड टाकून हिशेब जागच्या जागी मिटवला होता. नुकसानभरपाईवरून भांडायलासुद्धा वाव ठेवला नाही. विम्यातल्या माणसाला ही गोष्ट फार लागते.

चाकरमानी गावात कायमचा राहायला आला की पहिल्या पावसाळ्यात त्याला सर्दी होते आणि पहिल्या उन्हाळ्यात उद्योगाची कल्पना सुचते. सर्दी आल्याच्या काढ्यानं जाते, कल्पना जात नाही. माझ्या परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, चार झाडं आहेत. पाऊस तोंडावर आला की खाली लालभडक सडा पडतो, त्यावर पाय पडून माणूस घसरतो, आणि घरातली म्हातारी माणसं म्हणतात, "गोळा करा रे कोणीतरी." पंचवीस वर्षं मी त्या सड्यावरून नुसता घसरत होतो. निवृत्तीनंतर त्याच सड्याकडे पाहिलं आणि मला एकेका रातांब्यावर किंमत छापलेली दिसू लागली. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालंय, हे मी कुठंतरी वाचलं होतं. मानांकन मिळालेली वस्तू आपल्या परसात कुजते म्हणजे काय!

शहाण्या माणसानं इथं काय केलं असतं? दहा किलो रातांबे गोळा केले असते, साखर आणली असती आणि शेजारच्या काकीला हाक मारली असती. काकीचा उल्लेख आलाच आहे तर सांगतो. काकी मालवणच्या बाजारपेठेत एका बंद दुकानाच्या पायरीशी, फूटपाथवर, टोपली घेऊन बसते. सोलं, आगळ, अमृत कोकम, कुळथाची पिठी, तिरफळं. किती वर्षं बसते ते तिलाही सांगता येत नाही. "त्या दुकानाचो मालक मेलो तेच्या आदीपासना," एवढाच तिचा हिशेब.

पण मी काकीला हाक मारली नाही. मी विम्यातला माणूस. आधी कागद, मग माल, हे हाडात मुरलेलं. शिवाय डोंबिवलीच्या एका मित्रानं फोनवर सांगितलं होतं, "अरे, स्वतःचे पैसे घालून धंदा कोण करतं हल्ली? सरकारकडे योजना पडल्यायत नुसत्या." पडल्यायत, हा शब्द मला नेमका लागला. रातांब्यासारख्याच पडल्या असणार. मी गोळा करायला निघालो.

आधी स्वतःच्या शहराच्या दारात जावं म्हणून नगरपरिषदेत गेलो. तिथं दोन गोष्टी कळल्या. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात एकट्या माणसाला दोन लाखांपर्यंत आणि गटाला दहा लाखांपर्यंत कर्ज मिळे आणि सात टक्क्यांच्या वरचं व्याज अभियान भरे. पण ते शहरातल्या गरिबांसाठी. माझं पेन्शन आडवं आलं. आयुष्यात पहिल्यांदा पेन्शनचा राग आला. दुसरी योजना पीएम स्वनिधी. पथविक्रेत्यांना तेव्हा तारणाशिवाय दहा हजार रुपये, वर्षभरात हप्त्यानं फेडायचे, वेळेवर फेडले तर सात टक्के व्याज परत आणि पुढच्या वेळी वीस हजार, मग पन्नास. नगरपरिषदेनं फक्त ओळखपत्र किंवा शिफारसपत्र द्यायचं. मी म्हटलं, मी पथविक्रेता व्हायला तयार आहे. हातगाडीसुद्धा बघून ठेवलीय.

टेबलापलीकडच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "24 मार्च 2020च्या आधी तुम्ही रस्त्यावर काय विकत होतात?"

नियमच तसा होता. त्या तारखेला किंवा त्याआधी जो रस्त्यावर बसून विकत होता त्याच्यासाठी ती योजना. टाळेबंदीनं ज्याचा धंदा बुडाला त्याला उभं करायचं म्हणून. 24 मार्च 2020 रोजी मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर बाल्कनीत उभा होतो. दोनच दिवसांपूर्वी तिथंच थाळी वाजवली होती. रस्त्यावर काहीच विकत नव्हतो, रस्त्यावर जायलासुद्धा भीत होतो. हे मी बाईंना सविस्तर सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्यामागच्या माणसाला पुढं बोलावलं.

घरी येऊन काकीला ही गंमत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे माका गावतले?" मी विचारात पडलो. तिला खरंच मिळण्यासारखे होते. उपकार करतोय अशा थाटात मी तिचा अर्ज भरून दिला. आधारकार्ड मोबाईलला जोडून घेतलं, बँकेचं पासबुक शोधायला तिच्या तांदळाच्या डब्यात हात घातला. नगरपरिषदेचा माणूस पडताळणीला आला तेव्हा त्यानं विचारलं, "काकी, 2020च्या आधीपासून बसतास मां?" काकी म्हणाली, "तुझ्या मुंजीक सोला माझ्याकडसूनच गेलेली रे." पडताळणी संपली. काही आठवड्यांत तिच्या खात्यात दहा हजार जमा झाले. मला वाटलं, बरं झालं, बिचारीचं छोटं काम झालं. आपण आता मोठं बघू.

मोठं म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. 2008 साली दोन जुन्या योजना एकत्र करून हा केला. 2022 साली त्याची मर्यादा वाढवली, उत्पादन करणाऱ्याला पन्नास लाखांपर्यंतचा प्रकल्प करता येतो. पैसे सरकार सरळ देत नाही. दहा टक्के आपले घालायचे, उरलेले बँक कर्ज म्हणून देते आणि प्रकल्पखर्चाचा काही भाग सरकार अनुदान म्हणून भरतं. हा काही भाग किती, तिथं माझं नशीब फळफळलं किंवा फुटलं, ज्याचं त्यानं ठरवावं. सर्वसाधारण गटातल्या माणसाला शहरी भागात पंधरा टक्के. ग्रामीण भागात पंचवीस.

आमचं घर नगरपरिषदेच्या हद्दीत. देऊळवाड्याच्या पुढं गेलं की कुंभारमाठ लागतं, ती ग्रामपंचायत. रस्ता तोच, माती तीच, नेटवर्क दोन्हीकडे सारखंच गायब. पण त्या हद्दीपलीकडे माणूस दहा टक्क्यांनी जास्त ग्रामीण होतो. माझा प्रकल्प सहा लाखांचा. घरी केला तर नव्वद हजार, कुंभारमाठात केला तर दीड लाख. मी पाटीपेन्सिल घेतली नाही, तोंडीच वजाबाकी केली आणि त्याच संध्याकाळी कुंभारमाठच्या मामांकडे चहाला गेलो.

मामांचा एक मांगर आहे. मांगर म्हणजे वस्तीपासून दूर, बागेतली शेतघराची खोली. नारळ, कोयते, काथ्या, मोडकी खाट आणि एक कायमचं मुंगूस. तो मी भाड्यानं घेतला. मामा म्हणाले, "अरे, तुझ्या घरात चार खोल्यो रिकाम्यो आसत, मग मांगर कित्याक?" मी म्हटलं, "मामा, मला ग्रामीण व्हायचंय." मामांनी मामीकडे पाहिलं. मामींनी चहात आणखी साखर घातली. आमच्याकडे माणूस बरळायला लागला की हाच पहिला उपचार.

ग्रामीण असल्याचा दाखला मिळाला तो दिवस मी विसरणार नाही. डोंबिवलीत माझ्या इमारतीखाली मराठी बोलल्याबद्दल मला गावठी म्हणणारे लोक होते, त्यांना तो पाठवावासा वाटला. बायको मात्र म्हणाली, "अहो, दहा टक्क्यांसाठी रोज चढण चढून जाणार तुम्ही? पेट्रोल धरलंत का त्यात?" पेट्रोल धरलं नव्हतं.

मग कागद सुरू झाले. उद्यम नोंदणी फुकट आणि घरबसल्या होते, 2020च्या जुलैपासून. त्यात एक पाच आकडी संकेतांक निवडावा लागतो, आपण नेमकं काय करतो ते सांगणारा. तिथं मला दोन रात्री लागल्या. फळं उन्हात वाळवणं हा वेगळा आकडा, फळांचा रस काढणं वेगळा, लोणचं-चटणी वेगळी. आता सोलं म्हणजे वाळवण. आगळ म्हणजे रस. अमृत कोकमात साल साखरेत घालून उन्हात ठेवतात, म्हणजे ते वाळवणही आहे आणि रसही. काकी एकाच रातांब्याचं सोल करते, आगळ करते, बियांचं मुठेल काढते आणि चोथा माडाला घालते. सरकारच्या हिशेबानं तिच्या खळ्यात एका वेळी चार उद्योग चालतात. तिला सांगितलं तर म्हणाली, "आणि घोव सांभाळूचो उद्योग खंयच्या आकड्यात?"

अन्नसुरक्षेची नोंदणी झाली. लहान उत्पादकाला वर्षाला शंभर रुपये. चौदा आकडी क्रमांक मिळाला, तो मी पाकिटात ठेवला. अजून एक थेंब सरबत केलं नव्हतं. बाटल्यांवरच्या लेबलाला मात्र तीन चित्रकार बदलले. दरम्यान सहा लाखांच्या प्रकल्पाला दहा दिवसांचं उद्योजकता प्रशिक्षण लागतं ते ऑनलाईन उरकलं. ग्राहक ओळखा, बाजारपेठ ओळखा, स्पर्धक ओळखा. शेवटी परीक्षा होती. मला उत्तम मार्क पडले. स्पर्धक ओळखा या प्रश्नात मी काकीचं नावसुद्धा घातलं नव्हतं.

आमच्या आत्येभावालाही याच रोजगार कार्यक्रमातून माशांची खानावळ काढायची होती. या कार्यक्रमाच्या सुरुवातीच्या वर्ज्य यादीत मांस शिजवून वाढणारा धंदाच बसत होता. पुढं हॉटेल-ढाब्यांना सामिष वाढायची मोकळीक दिली. ती यादी जुनी की नवी, आणि मुळात बांगडा हे मांस का, यावर दांडीच्या किनाऱ्यावर एक संध्याकाळ चर्चा झाली. मालवणात बसून बांगड्याला मांस म्हणणारा माणूस त्या बैठकीत एकही निघाला नाही. आत्येभावानं अर्ज केलाच नाही. त्यानं बायकोच्या हातच्या जेवणाची पाटी लावली आणि पुढच्या आठवड्यात त्याच्याकडे पुण्याच्या दोन गाड्या थांबल्या.

आता प्रकल्प अहवाल. मी तो स्वतः लिहायला हवा होता. पण फोटोकॉपीच्या दुकानात तयार मिळतो म्हटल्यावर मोह झाला. नाव, गाव, यंत्राची किंमत बदलून चाळीस पानं छापून मिळाली. पाचव्या वर्षाच्या निव्वळ नफ्याचा आकडा पाहून मी इतका भारावलो की पुढं वाचलंच नाही.

वाचलं ते बँकेतल्या साहेबांनी. साहेब मूळचे बिहारमधले, मुजफ्फरपूरकडचे, कोकणात बदली होऊन दीड वर्ष झालेलं. चेहऱ्यावर सतत आता पाऊस थांबेल अशी आशा. त्यांनी सतरावं पान उघडलं, बोट ठेवलं आणि विचारलं, "साल में तीन सौ दिन उत्पादन लिखा है। ये रातांबा साल में कितने दिन मिलता है?"

मी म्हटलं, "साधारण एप्रिल अखेर ते पाऊस पडेपर्यंत."

"मतलब?"

"चाळीस... पंचेचाळीस दिवस."

"और बाकी के ढाई सौ दिन?"

मी गप्प. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानावर कच्च्या मालात सुकी मिरची आणि धणे होते. तो अहवाल मुळात मसाला गिरणीचा होता. साहेब हसले नाहीत, याचा मला जास्त त्रास झाला. ते म्हणाले, "हमारे यहाँ लीची भी महीना भर ही आती है। जो उस महीने में नहीं जागा, वो साल भर सोए।" मग त्यांनी मला अनुदानाची खरी गोष्ट समजावली. ते हातात मिळत नाही. बँकेत माझ्या नावानं तीन वर्षं ठेव म्हणून बसतं. त्यावर व्याज नाही, तेवढ्या कर्जावरही व्याज नाही. तीन वर्षांनी जागेवर येऊन कारखाना चालू आहे का ते पाहतात आणि मग ती रक्कम कर्जात वळती होते.

हे मी काकीला सांगितलं. तिनं सुपातली सोलं उलटीपालटी करत ऐकलं. म्हणाली, "म्हणजे पैशे तुझे, तुका दिसतले, पण गावाचे नाय. आमच्या झिलाचो मुंबैतलो पगार तसोच आसा."

अहवाल मी पुन्हा लिहिला. या वेळी स्वतः. उन्हाळ्यात कोकम, मग जांभूळ, करवंद, आवळा असं वर्ष भरून काढलं. साहेब म्हणाले, जागा बघायला येतो. तारीख ठरली 2023च्या मे महिन्यातली शेवटच्या आठवड्यातली.

इथं गाऱ्हाण्याचा भाग. आमच्याकडे बोअर मारायची असली तरी गाऱ्हाणं घालतात, मग बँकेचा साहेब येणार म्हटल्यावर काय. मामांनी मांगराच्या दारात पाच पानांचा विडा आणि नारळ ठेवला. जमलेले सगळे हात जोडून उभे. मामांनी आवाज लावला.

"बा देवा रामेश्वरा, नारायणा म्हाराजा! आज जो काय ह्यो तुझो लेकरू मुंबैसून येवन हयसर सरबताचो कारखानो घालता..."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या वाटेत कोणी आडनड घातलेली आसात, कागदात काय उणा आसात, तर ता दूर कर..."

"व्हय म्हाराजा!"

"बँकेच्या सायबाक बरी बुद्धी दी..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्येका घेतलेला कर्ज फेडूची बुद्धी दी!"

"व्हय म्हाराजा!" यात सगळ्यात वरचा आवाज माझ्या बायकोचा होता.

आता सरबत. साहेबांना मोकळा मांगर कसा दाखवायचा म्हणून मी पहिला घाणा काढायचं ठरवलं. साठ बाटल्या. आयुष्यात पहिल्यांदा स्वतः रातांबे फोडायला बसलो. रातांबा हातात घेतला की टणक वाटतो, विळीवर टेकवला की आतून मऊ लागतो. दोन वाट्या होतात. आतला पांढरट गर आणि बिया अंगठ्यानं काढायच्या, अंगठा आंबट रसानं चुरचुरतो, नखाच्या कडेला जिथं कातडं सुटलेलं असतं नेमका तिथं. दहाव्या रातांब्याला बोटं लाल. पन्नासाव्याला मनगट. शंभराव्याला मी घड्याळ काढलं तर खाली पट्ट्याचा तेवढा पांढरा माणूस उरला होता. मग त्या सालीच्या वाट्यांत साखर भरायची, काचेच्या बरणीत एकावर एक थर लावायचे, तोंडाला फडकं बांधायचं आणि बरणी खळ्यात उन्हाला ठेवायची. दुसऱ्या दिवशी तळाशी बोटभर रस दिसतो. पाचव्या दिवशी अर्धी बरणी. सूर्य त्यातून आरपार गेला की खळ्यातल्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर लाल चट्टा हलत राहतो. तेवढा अर्धा तास मी अनुदान विसरलो होतो, हे कबूल करतो.

साखर किती घालायची हा प्रश्न मी प्रशिक्षणात शिकलेल्या बाजारपेठेच्या अंगानं सोडवला. सालीच्या दुप्पट साखर हे काकीचं माप. मला वाटलं, हल्ली लोक साखरेला घाबरतात. पुण्या-मुंबईचे पर्यटक तारकर्लीला स्कूबा करायला येतात, मोजून चालतात, मोजून खातात. त्यांच्यासाठी कमी साखरेचं सरबत. लेबलवर मोठ्या अक्षरांत छापूनच टाकलं: साखर 40 टक्के कमी.

काकी फडकं उचलून बरणीत डोकावली.

"साखर कमी घातलंस?"

"हो. मुद्दाम."

"फसफसतला ता."

"काकी, पुण्याच्या लोकांना डायबेटिस असतो."

"मगे ते पाणी पिवंदेत."

हे तिचं अडाणीपण, असं मी मनात म्हटलं. फळाच्या सरबतात विरघळलेले घटक किमान 65 टक्के असावेत, असं अन्नसुरक्षेच्या नियमांत लिहिलेलं आहे. ज्या नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक मी पाकिटात घेऊन फिरत होतो, त्याच खात्याचे हे नियम. काकीनं नियम वाचलेला नव्हता, पाळलेला होता. मी दोन्ही केलं नव्हतं.

रस गाळून बाटल्यांत भरला, झाकणं घट्ट पिळली, मांगरात फळीवर साठ बाटल्या रांगेत लावल्या. वर पत्रे. मे अखेरची काहिली, पाऊस नुसता ढगात घुटमळतोय. सहा दिवस बाटल्या तिथं होत्या. मी रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्याकडे नुसता बघत बसे. चौथ्या दिवशी मला वरच्या बाजूला बारीक फेस दिसला होता. मी बायकोला सांगितलं, "ताजेपणा आहे तो."

साहेब आले ते पांढराशुभ्र शर्ट घालून. बरोबर कागदपत्रांची माझीच निळी फाईल. मामांनी शहाळं दिलं. मी त्यांना मांगरात नेलं, पल्पर कुठं बसणार, सीलिंग मशीन कुठं, माल कुठून येणार, कुठून जाणार, हातवारे करून दाखवलं. मुंगूस तेवढं लपून बसलं होतं. मग मी फळीकडे वळलो, अभिमानानं पहिली बाटली उचलली आणि म्हटलं, "साहेब, हा आमचा माल. टेस्ट करा."

झाकणाला अर्धा आटा दिला असेल नसेल. टप्प, असा आवाज झाला. झाकण पत्र्यावर आपटलं आणि बाटलीतला निम्मा माल, साखर 40 टक्के कमी असलेला, वर उडून साहेबांच्या शर्टावर उतरला. मी घाबरून हात मागं घेतला, कोपर फळीला लागलं, फळी हलली. हादरा बसताच बाकीच्या बाटल्यांना जाग आली. टप्प. टप्प. मग दोन एकदम. मामा दारातून ओरडले, "भायर येवा, भायर येवा!" साहेब फाईल डोक्यावर धरून खाली बसले. पुठ्ठ्यावरचा डाग हा असा.

बाहेर खळ्यात आलो तेव्हा साहेब कमरेपर्यंत जांभळे होते. सगळे गप्प. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, तो आणखी लाल झाला. मग म्हणाले, "होली तो मार्च में हो गई थी।" मामी आत पळाल्या, बहुतेक हसायला, पण येताना बादली घेऊन आल्या. साहेबांनी बोट चाटून पाहिलं. "स्वाद अच्छा है," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "चीनी ही तो पहरेदार होती है। आपने पहरेदार को ही छुट्टी दे दी।"

कर्ज नामंजूर झालं असं नाही. साहेब म्हणाले, आधी एक मोसम छोटं करून बघा, शिशु मुद्रा आहे, पन्नास हजारांपर्यंत, त्यात बरण्या, साखर, बाटल्या सगळं बसतं, मग पुढच्या वर्षी मोठा अर्ज आणा. सत्तावीस वर्षं मी लोकांना याच आवाजात हेच सांगत आलो होतो, की कागद पूर्ण करून पुन्हा या. आवाज ओळखीचा निघाला. मी त्यांना शर्टाचे पैसे द्यायला लागलो तर घेतले नाहीत. तो शर्ट ते पुढं रविवारी बाजारात घालून फिरताना दिसायचे.

जूनमध्ये पाऊस आला. उरलेले रातांबे झाडाखाली कुजले. मांगराचं भाडं पावसाळाभर मी देत राहिलो, मुंगसाच्या नावानं.

त्याच वेळी काकीकडे काय चाललं होतं ते मला फार उशिरा दिसलं. त्या दहा हजारांतून तिनं पन्नास किलोच्या साखरेच्या गोणी घेतल्या होत्या, कधी नव्हे ती हंगामाच्या आधी, वाण्याच्या उधारीशिवाय. एरवी तिच्याकडे जेवढी साखर तेवढंच सरबत. मग रातांबे पडून राहायचे. या वर्षी माझ्या परसातलेही तिनंच नेले, मला विचारून, आणि मी अर्जांत गुंतलेलो असताना "ने, ने" म्हणालो होतो. हप्ते तिनं एकही चुकवला नाही. फेड पूर्ण झाल्यावर वीस हजारांचा दुसरा अर्ज मीच भरला, या वेळी उपकाराचा थाट न करता. तिच्या टोपलीला आता क्यूआर कोडचा पुठ्ठा लावलेला असतो आणि शेजारी पैसे आल्याचं मोठ्यानं ओरडणारी डबी. डबी बोलली की काकी तिला "व्हय म्हाराजा" म्हणते.

माझ्या तीन चित्रकारांनी केलेली लेबलं तिनं बघितली. त्यातला 40 टक्के कमीचा पट्टा कात्रीनं कापून उरलेलं तिच्या बाटल्यांना चिकटवायला मला बसवलं. हे काम मी गेले दोन हंगाम करतो. रोज दुपारी दोन ते चार. मजुरी म्हणून एक पेला सरबत, त्यात जिरं आणि मीठ. बायको म्हणते, तुमच्या सगळ्या धंद्यांत हाच काय तो नियमित उत्पन्नाचा.

फाईल मी काकीच्या खळ्यातच ठेवून आलो होतो. परवा बघतो तर नाडी सुटलेली आणि पानं निम्मी गायब. एक पर्यटक बाई पाव किलो सोलं घेऊन चालली होती, पुडीवर पान 37 होतं, पाचव्या वर्षाचा निव्वळ नफा. मी म्हटलं, "काकी, छापलेल्या कागदात खाण्याची वस्तू बांधायची नसते. शाई उतरते. नियम आहे."

काकीनं पुढचं पान घेतलं, दोन्हीकडून बघितलं.

"मगे कोरी बाजू भितर घालतंय," ती म्हणाली, आणि सोलं तोलायला लागली.